चित्रात आभाळ एवढंसंच का?

प्रश्न : तुमच्या चित्रांत आभाळ बोटभर, बाकी सगळी जमीन. असं का? आणि फोटोही काढता, मग चित्र कशाला? (एक वाचक, परभणी)

उत्तर : आमचं रान काळ्या मातीचं. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की माझा हात कोपरापर्यंत आत जातो. आजीमागून चालताना मी कायम खालीच बघितलं, पाय अडकू नये म्हणून. दुपारच्या फोटोत ऊन थेट डोक्यावर, भेगेची खोली दिसतच नाही. कोळशाने काढताना मात्र बोटाने काळोख हवा तेवढा दाबता येतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी पाहिला, हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाचं भिंतीवरचं चित्र. तिथले तांबडे-पिवळे रंग मातीचेच. तेव्हापासून गेरू आणि पिवडी स्वतः डिंकात खलते. निळा तेवढा विकत आणते.