वेल्समधल्या लाकडी ‘लव्हस्पून’वरच्या, म्हणजे प्रेमाची भेट म्हणून दिलेल्या चमच्यावरच्या, चिन्हांचा अर्थ काय?

सर्वसाधारणपणे हृदय म्हणजे प्रेम, कुलूप किंवा किल्ली म्हणजे ‘तुला सांभाळेन’, साखळी म्हणजे जन्माची साथ आणि पिंजऱ्यातले सुटे गोळे म्हणजे हवी असलेली मुलं. खरी कमाल साखळीची आणि गोळ्यांचीच. कड्या जोडलेल्या नसतात, गोळे मागाहून घातलेले नसतात. अख्खा चमचा एकाच लाकडातून कोरून काढतात. तरुणाने आवडत्या मुलीसाठी तो स्वतःच्या हाताने घडवायचा, म्हणून त्याला एवढं मोल. कार्डिफजवळच्या सेंट फेगन्स संग्रहालयात १६६७ सालचा चमचा आहे. मात्र हे अर्थ प्रत्येक जुन्या चमच्याला सरसकट लावू नका. पुष्कळदा नक्षी निव्वळ हातातली कला दाखवायलाही असे.