स्पेस स्टेशनला सामान पाठवायच्या आधी काय काय तयारी करतात? आणि लॉन्च सेकंदावर का ठरलेलं असतं?

आमच्या ऐरोलीच्या घरातून मुलाच्या हॉस्टेलवर पार्सल जातं तेव्हा आई सगळ्यात शेवटी लाडू भरते, अगदी तोच प्रकार. जड सामान, स्पेअर पार्ट, कपडे, पाकीटबंद जेवण हे आधीच कापडी पिशव्यांत फोम लावून भरतात, पट्ट्यांनी आवळतात, आणि प्रत्येक पिशवीचं वजन आणि जागा लिहून ठेवतात कारण यानाचा तोल एका बाजूला गेला तर इंजिनाला तो सावरत बसावं लागतं. ताजी फळं आणि प्रयोगाचे सॅम्पल मात्र साधारण शेवटच्या दिवशी चढवतात. (ब्रेड सहसा पाठवत नाहीत बरं का, चुरा तरंगत मशीनमध्ये जातो, म्हणून टॉर्टिया, म्हणजे चपातीच समजा.)

आता वेळेचं. स्टेशन ४०० किमीवर, ताशी २८,००० किमीने फिरतंय आणि खाली पृथ्वीपण फिरतेय, त्यामुळे लॉन्चपॅड स्टेशनच्या कक्षेच्या बरोबर खाली येतं तेव्हाच उडायचं, उशीर झाला तर कक्षा वळवायला इंधन फार जातं. ठाण्याला फास्ट चुकली तर मागून दुसरी येते, इथे तसं नाही, ड्रॅगनचा (म्हणजे स्पेसएक्स कंपनीचं स्टेशनला सामान नेणारं यान) क्षण हुकला की बहुतेक पुढच्या दिवसावर गेलं.

आणि सगळं करूनही २०१५ च्या जूनमध्ये एक ड्रॅगन उड्डाणानंतर दोन-अडीच मिनिटांत सामानासकट गेलं होतं, म्हणूनच वर काही महिन्यांचा शिधा नेहमी शिल्लक ठेवतात.