वाचक विचारतात : पाच सेकंदांची कुस्ती

प्रश्न : पंचविशीपर्यंत मी तालमीत मेहनत केली आहे. आता नातू मोबाइलवर जपानच्या सुमो लढती लावून बसतो. दोन जाडजूड माणसं आदळतात, पाच-दहा सेकंदांत एक बाहेर, की संपलं. कुणी चितपट होत नाही. मीठ मात्र मूठ-मूठ उधळतात. याला कुस्ती म्हणायचं का?
— एक निवृत्त वाचक, नाना पेठ

उत्तर : काका, माझे वडील शुक्रवार पेठेतल्या तालमीत घडले. मी जपानी भाषेची दुभाषी. तोक्योत कामासाठी दोन वर्षं होते, तेव्हा खोली घेतली होती र्‍योगोकु भागात, सुमोचं मोठं क्रीडागृह आहे तिथेच. पहिली स्पर्धा बघून मीही बाबांना फोनवर सांगितलं होतं, "यात काही नाही हो." बाबा म्हणाले, "लढत बघून काय कळणार? मेहनत बघ." मग ओळखीतून एका 'हेया'त सकाळचा सराव बघायला गेले. हेया म्हणजे तालीमच; पैलवान तिथेच राहतात, जेवतात, झोपतात. तिथल्या वस्तादांना 'ओयाकाता' म्हणतात. मला कोपऱ्यात बसवलं आणि बजावलं : बोलायचं नाही, आणि तळपाय आखाड्याकडे करायचे नाहीत.

आधी तुमच्या पाच सेकंदांबद्दल. वर्तुळ ४.५५ मीटर व्यासाचं. तळपायाखेरीज अंगाचं काहीही जमिनीला टेकलं किंवा पाऊल बाहेर पडलं की हार, म्हणून निकाल पटकन लागतो. जिंकण्याचे ८२ प्रकार अधिकृत यादीत आहेत. कमरेचा पट्टा धरून फेकणं, पायात पाय अडकवणं, अंगावर येणाऱ्याला किंचित बाजूला होऊन खाली दाबणं, हे सगळे डावच. मुठीचा ठोसा, केस ओढणं, गळा आवळणं चालत नाही. वजनी गट नाहीत, त्यामुळे शंभर-सव्वाशे किलोचा गडी दीडशे-पावणेदोनशेच्या समोर उभा राहतो. मला सर्वांत आवडलेली गोष्ट सुरुवातीची आहे. पंच शिट्टी मारत नाही, 'सुरू' म्हणत नाही. दोघं वाकून एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, उठतात, मीठ टाकतात, पुन्हा वाकतात. क्रमवारीतल्या सर्वांत वरच्या गटात याला चार मिनिटं मिळतात. शेवटी दोघांचे हात मातीला टेकतात आणि श्वास जुळला की दोघं एकदम सुटतात. तुमचा नातू चार मिनिटं पुढे ढकलून फक्त टक्कर बघत असणार. त्याला म्हणावं, ढकलू नकोस.

मीठ शुद्धीसाठी, हा शिंतो धर्मातला आचार. आखाडाही साधा नाही. प्रत्येक मोठ्या स्पर्धेसाठी तो चिकणमातीचा, हातांनी नव्याने बांधतात आणि मधोमध मीठ, धुतलेले तांदूळ, समुद्री शेवाळ, सुकवलेला माकूल, चेस्टनट आणि काया झाडाच्या बिया पुरतात. हौदाच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवणाऱ्या, माती कपाळाला लावल्याशिवाय आत न उतरणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागू नये. बाबांना तर लागलं नाही.

आता मेहनत. खालच्या दर्जाची पोरं पहाटे पाचच्या सुमाराला उपाशीपोटी आखाड्यात उतरतात, मोठे पैलवान मागाहून येतात. पाय बाजूला उंच उचलून धाडकन आपटायचा, याला 'शिको' म्हणतात. आपल्या बैठकांसारखा रोजचा रतीब. लाकडी खांबावर तळहात मारायचे. मग मोठ्याच्या छातीवर धडकून त्याला आखाडाभर रेटत न्यायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा रेटायचं. मी बघितलेला मुलगा सोळा-सतराचा होता. पाठभर माती, धापेने बोलता येत नव्हतं. अकराच्या सुमाराला तोच मुलगा वरिष्ठांच्या मागे भाताचं भांडं घेऊन उभा होता. अंघोळ दर्जाप्रमाणे, जेवणही. 'चान्को' नावाचं मोठं पातेलं असतं : कोंबडी, मासे, तोफू, भाज्या, वर भात. कोंबडी शुभ, कारण ती दोन पायांवर उभी असते. चार पायांवर आलेला पैलवान हरलेला असतो. त्या मुलाच्या वाट्याला पातेल्याचा तळ आला. जेवण झालं की सगळे झोपतात. अंग त्या झोपेत भरतं.

सहाएकशे पैलवानांपैकी वरच्या दोन गटांतल्या ७० जणांनाच पगार मिळतो. बाकीच्यांना राहणं, खाणं आणि थोडा भत्ता. अगदी खालच्यांना कडाक्याच्या थंडीतही पातळ सुती युकाता आणि लाकडी खडावा. वर्षातून सहा स्पर्धा, प्रत्येकीनंतर क्रमवारी नव्याने लागते. तेरुनोफुजी हा मंगोलियात जन्मलेला पैलवान दुसऱ्या क्रमांकाच्या दर्जावरून गुडघे आणि मधुमेहामुळे पार शेवटून दुसऱ्या गटात घसरला. सोडून जाता आलं असतं. तो २०२१ मध्ये योकोझुना झाला, म्हणजे सर्वोच्च. काका, ही कुस्ती नाही तर काय?

मात्र सगळंच गोड मानू नका. २००७ मध्ये एका हेयात मारहाणीमुळे १७ वर्षांच्या शिकाऊ पैलवानाचा जीव गेला. तिथल्या ओयाकाताला तुरुंगवास झाला. शिस्तीच्या नावाखाली पोराच्या अंगावर हात टाकणारा वस्ताद, तो जपानचा असो की आपला, मला मान्य नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे, कुस्ती शिकते. मुलींना सुमो खेळता येतं का?
— एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : हौशी सुमोत येतं. तिथे मुलींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात आणि वजनी गटही असतात. व्यावसायिक सुमोत नाही. त्या आखाड्यावर बाईने पाऊलच ठेवायचं नाही असा नियम आहे. २०१८ मध्ये जपानमधल्या माइझुरू शहरात भाषण करताना महापौर आखाड्यावरच कोसळले. मदतीला धावलेल्या स्त्रियांना ध्वनिक्षेपकावरून खाली उतरायला सांगितलं गेलं. त्यातली एक तर त्यांची छाती दाबून जीव वाचवू बघत होती. सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी नंतर माफी मागितली, नियम तसाच आहे. मला सुमो मनापासून आवडतं आणि हा नियम मनापासून चुकीचा वाटतो. आपल्याकडेही बायकांना तालमीचा उंबरा बंदच होता; मी वडिलांचा डबा दारातूनच द्यायचे. २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली.

शिको मात्र तू आजपासून करू शकतेस. पाय खांद्यांहून रुंद, गुडघे बाहेर, पाठ सरळ. वजन एका पायावर घे, दुसरा हळू वर, मग खाली. आधी दहा-दहा. खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर आपटू नकोस, अलगद टेकव.