'द टेन्थ किंगडम' मुलांना दाखवायची असेल तर

तुमचा प्रश्न असा: बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यातली नऊ ते चौदा वर्षांची आठ-दहा मराठी मुलं दिवाळीच्या सुट्टीत रोज संध्याकाळी जमतात. त्यांना 'द टेन्थ किंगडम' ही २००० सालची परीकथांवरची अमेरिकन मालिका दाखवायची आहे. इतक्या वर्षांनीही लोक तिच्यावर जीव का टाकतात आणि सात तासांचा हा ऐवज मुलांपुढे मांडायचा कसा?

आधी 'का' सांगते, कारण 'कसं' हे त्यातूनच निघतं.

आपली कहाणी 'साठा उत्तराची, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हटलं की मिटते. सायमन मूर यांनी लिहिलेली ही मालिका गोष्ट मिटल्यानंतर सुरू होते. हिमगौरी राज्य करून गेली. आता तिचा नातू वेंडेल याचा राज्याभिषेक व्हायचा आहे. परीकथांच्या जगातल्या नऊ राज्यांचा सुवर्णकाळ ओसरलाय, सिंड्रेला म्हातारी झालीय आणि लांडग्याच्या वंशातल्या माणसाकडे लोक अजून संशयानेच बघतात. 'हिमगौरी स्मारक कारागृहा'तून दुष्ट राणी निसटते आणि राजपुत्राला कुत्र्याच्या देहात, कुत्र्याला राजपुत्राच्या देहात घालते. कुत्रा झालेला राजपुत्र जादूच्या आरशातून पळतो आणि थेट न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये येऊन पडतो. तिथे त्याची गाठ पडते हॉटेलात वाढपाचं काम करणाऱ्या व्हर्जिनियाशी आणि इमारतीची देखभाल करणाऱ्या तिच्या वडिलांशी, टोनीशी. नावातलं दहावं राज्य म्हणजे आपलंच जग.

नुसत्या कल्पनेवर सात तास निघत नाहीत. मालिका टिकली ती तिच्यातल्या जादूच्या चोख हिशेबामुळे. टोनीला इच्छा पुरवणारी जादूची बी मिळते. तो दहा लाख डॉलर मागतो. डॉलर येतात, पण बँकेतून चोरीला गेलेले, आणि पाठोपाठ पोलीस. घरी परतायचा आरसा त्याच्याच हातून फुटतो आणि सात वर्षांचं दुर्दैव त्याच्या मागे लागतं. अदृश्य करणारे जोडे आहेत, पण एकदा घातले की ते काढवत नाहीत, त्यांची चटक लागते. राणीच्या शिकाऱ्याच्या धनुष्यातून सुटलेला बाण कुणाच्या तरी काळजात रुतल्याशिवाय थांबत नाही. हे आपल्या मुलांना परकं वाटू नये. 'उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही' या एका ओळीवर श्रावणातल्या कहाण्या उभ्या आहेत. वसा टाकला की दैन्य येतं, हा तिथला नियम. नियम पक्का असला की जादूची भीतीही वाटते आणि तिच्यावर विश्वासही बसतो. नियम नसलेली जादू दहा मिनिटांत कंटाळवाणी होते. अलीकडच्या पुष्कळ मालिका फसतात त्या इथेच.

दुसरं कारण म्हणजे लांडगा. स्कॉट कोहेन या नटाने तो असा उभा केलाय की सगळी मालिका त्याच्याभोवती फिरते. हा अर्धा माणूस, अर्धा लांडगा. शेपूट आहे, पौर्णिमा जवळ आली की बिथरतो, पहिल्याच भेटीत व्हर्जिनियाच्या आजीला शिजवायला निघतो. आणि हाच न्यूयॉर्कात मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, स्वभाव सुधारायची पुस्तकं वाचतो आणि मनापासून प्रेमात पडतो. जन्माने जे मिळालं ते बदलता येतं का, हा प्रश्न या एका पात्रामुळे शेवटपर्यंत जिता राहतो.

आता तयारी. मालिका गृहीत धरते की प्रेक्षकाला मूळ गोष्टी तोंडपाठ आहेत. मुलांना मात्र त्या चित्रपटांतून माहीत असतात, म्हणजे अर्ध्याच. म्हणून आधीच्या तीन संध्याकाळी गोष्टी सांगा, एका वेळी दोनच, प्रत्येकी दहा-बारा मिनिटं. सुरुवात 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक'पासून करा. लेकीकडे जाऊन, तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येईन, मग मला खा, असं सांगणारी आपली म्हातारी आधी भेटली की लाल टोपीवालीची आजी नीट समजते. मग लाल टोपीवाली सांगा, आणि दोन्ही रूपांत सांगा. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या गोष्टीत शिकारी कात्रीने लांडग्याचं पोट कापून दोघींना बाहेर काढतो आणि पोटात दगड भरले जातात. एकाच गोष्टीचे दोन शेवट असू शकतात हे मुलांना एकदा कळलं की मालिकेचं अर्धं दार उघडलंच.

दुसऱ्या संध्याकाळी हिमगौरी आणि सिंड्रेला. हिमगौरीच्या गोष्टीत राणी तीनदा मारायला येते: आधी काचोळीची नाडी आवळून, मग विषारी फणीने, मग सफरचंदाने. चित्रपटात उरलं फक्त सफरचंद. नाडी आणि फणी गाळू नका, मालिका बघताना ती माहिती कामाला येते. तिसऱ्या दिवशी हॅन्सेल-ग्रेटेल आणि बेडूक राजपुत्र. ग्रिमच्या बेडकाला राजकन्या चुंबन देत नाही, भिंतीवर आपटते. मुलांना हे हमखास आवडतं. जॅक आणि घेवड्याच्या वेलाची गोष्ट ग्रिमची नाही, इंग्लंडची आहे. ती ओझरती सांगितली तरी चालेल. पुस्तकं हवी असतील तर बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करा. १९१० साली सयाजीराव महाराजांनी सुरू केलेलं हे ग्रंथालय मराठी वाचकांना आपल्या घरासारखंच आहे.

वाड्यात कुणी थोरलं विचारील की या परक्या गोष्टी कशाला, तर एक माहिती जवळ ठेवा. थेओडोर बेन्फाय या जर्मन संस्कृत पंडिताने १८५९ मध्ये पंचतंत्राचं जर्मन भाषांतर प्रसिद्ध केलं आणि युरोपातल्या बऱ्याच लोककथांचं मूळ भारतात असल्याचं मांडलं. त्याचं सगळं म्हणणं आज कुणी मानत नाही, पण गोष्टी सीमा ओलांडून हिंडतात याबद्दल वाद नाही.

वेळेचं गणित सोपं आहे. जाहिराती वगळून मालिका सुमारे ४१७ मिनिटांची आहे. पाच संध्याकाळी, रोज साधारण ८५ मिनिटं. मध्ये ४० मिनिटांनी दहा मिनिटांची सुट्टी आणि खाऊ. एनबीसी वाहिनीनेही ती पाच रात्रींतच दाखवली होती. एका दिवसात सगळी संपवायचा मोह आवरा. मधला प्रवास लांबलचक आहे, आणि सलग बघितला की चौथ्या तासाला मुलं उठून क्रिकेट खेळायला जातात. दहा तुकडेही करू नका, धागा तुटतो. नवरात्रात तर मुळीच ठरवू नका. बडोद्यात त्या नऊ रात्री गरबा सोडून कुणी पडद्यापुढे बसणार नाही.

मालिका जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारात आहे. आजचे टीव्ही ती आपोआप ताणून पडदाभर करतात, मग सगळे चेहरे पसरट दिसतात. टीव्हीच्या चित्र-मापात चार-तीन हे प्रमाण निवडा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. इंग्रजी संवाद वेगवान आहेत, विशेषतः लांडग्याचे आणि तीन ट्रोलांचे (ट्रोल म्हणजे परीकथांतले राकट राक्षस), म्हणून खाली इंग्रजी अक्षरं लावा. न वाचता येणाऱ्या धाकट्याला एका थोरल्याशेजारी बसवा. संगणकावर केलेली दृश्यं आता जुनाट दिसतात. त्याबद्दल एकदाच, सुरू व्हायच्या आधी सांगून टाका. शीर्षकाची चित्रफीत मात्र पळवू नका. न्यूयॉर्क हळूहळू परीराज्यात बदलत जातं, आणि त्या कामाला एमी हा अमेरिकेतला टीव्हीचा मानाचा पुरस्कार मिळालाय.

पहिल्या संध्याकाळचा बराच वेळ न्यूयॉर्कातच जातो, आणि मुलं 'राज्य कधी येणार?' म्हणून भुणभुण करतात. तेव्हा त्यांना एक काम द्या: कुठली वस्तू, कुठलं पात्र कुठल्या गोष्टीतून आलंय ते वहीत टिपायचं. चर्चा मात्र मधल्या सुट्टीत. मोठ्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. दर दोन मिनिटांनी चित्र थांबवून 'हे कुठून आलं ओळखा' विचारलं की तो शाळेचा तास होतो. एका संध्याकाळी फार तर दोनदा थांबवा.

मेंढपाळांच्या गावाचा भाग तुम्ही एकट्याने आधी बघून घ्या. तिथे एका मेंढपाळ मुलीचा खून होतो, आळ लांडग्यावर येतो, आणि त्याआधीची तिची व लांडग्याची छेडछाड नऊ-दहा वर्षांच्यांसाठी नाही. तेवढी काही मिनिटं पुढे सरकवली तरी कथा तुटत नाही. खटला ठेवा, तो मुलांना आवडतो. शिकाऱ्याची दृश्यंही थंड आणि भीतिदायक आहेत. आठ वर्षांच्या आतल्यांना या गटात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी पुढच्या भागाची चाहूल लागते, पण दुसरा भाग कधी निघाला नाही. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाचवी संध्याकाळ रुसव्यात संपते.

पुढचं फक्त तुमच्यासाठी. व्हर्जिनियाची आई ती लहान असताना तिला सोडून गेलेली आहे, आणि राणीचं रहस्य याच्याशीच जोडलेलं आहे. म्हणून हिमगौरी सांगताना 'सावत्र आई' हा शब्द वापरा, सगळे वापरतात तसाच, आणि थांबा. पाचव्या संध्याकाळी टीव्ही बंद झाल्यावर सांगा की ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनीच ती सावत्र केली. हे ऐकल्यावर मुलं वही उघडून हिमगौरीच्या नाडी-फणीपाशी परत जातील. तेव्हा त्यांना बोलू द्या, त्या रात्री अर्धा तास जास्तीचा धरूनच ठेवा.