बाळ रोज संध्याकाळी तीन-तीन तास रडतं, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. आम्ही दोघंही थकलोय. काय करावं?

ताई, तुमचं पाच आठवड्यांचं बाळ पोटभर पितं, वजन वाढतंय, तरी तिन्हीसांजेला रडायला लागतं आणि घरचे तुमच्या दुधावर शंका घेतात, हे वाचून आमचा गेला पावसाळा आठवला. आम्ही बेळगावात, वडगावला राहतो. आमची लेक साडेसहाला सुरू व्हायची ती दहापर्यंत. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, चेहरा लालबुंद.

तुमच्या दुधात काही खोट नाही. अशा रडण्याला कॉलिक म्हणतात. नेमकं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास जोर सगळ्यात जास्त असतो, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेक बाळांचं आपोआप थांबतं.

माझ्या आईनं दृष्ट काढली, शेजारच्या कानडी अज्जींनी बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावलं. त्याला मी आडवा आलो नाही. पण मधातली गुटी आणि शेगडीवरची ओव्या-शेपांची धुरी बंद करायला लावली. 1 वर्षाच्या आत मध दिला तर बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषानं स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार, होऊ शकतो, आणि धूर कोवळ्या छातीला सोसत नाही. आई दोन दिवस बोलली नाही. मग तिलाच डॉक्टरांकडे नेलं, त्यांच्या तोंडून ऐकल्यावर निवळली.

आम्हाला उपयोगी पडले ते माग. समोरच्या घरात यंत्रमाग आहेत. एका रात्री लेकीला दुपट्यात गुंडाळून, छातीशी धरून गल्लीत उभा राहिलो. त्या एकसुरी खटखटीत तिचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं, मूठ सुटली, माझ्या शर्टाचं बटण धरून ती झोपली. लाईट गेली, माग थांबले, की पुन्हा सुरू! मात्र शेडच्या आत कधी नेलं नाही, तो आवाज बाळाच्या कानाला फार. घरात पंख्याची घरघरही कधी कधी चालते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकदा बायकोचे हात थरथरत होते. म्हणाली, "हिला घ्या, माझ्यानं काहीतरी भलतंच होईल." त्या क्षणी ती बोलली, हे फार मोठं काम केलं तिनं. जवळ कुणी नसेल तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दार ओढून घ्या आणि पाच-दहा मिनिटं बाहेर बसा. रडू दे. रडण्यानं काही होत नाही, पण रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्या दिवसापासून आम्ही पाळी लावली: नऊ ते दोन मी, पुढं ती. मधे तिला फक्त पाजायला उठवायचो.

ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध सोडणं, मलूल पडणं, ह्यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि तुम्हालाच दिवसभर रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

तुमचे मिस्टर सातच्या आत घरी येतात का? येत असतील तर आज आल्या आल्या बाळ त्यांच्याकडे द्या, आणि तुम्ही गरम गरम जेवून घ्या.