१९५९ च्या शेव्हरोले इम्पाला गाडीचं जुनं प्रोमो मॉडेल (जाहिरातीसाठी बनवलेली छोटी प्रतिकृती) मिळालंय, पण बॉडी वाकडी आहे. डुप्लिकेट आहे का?

नाही हो, वाकलंय म्हणजे उलट ओरिजिनल असायचीच शक्यता जास्त. त्या काळी नवीन गाडी आली की अमेरिकेत डीलरकडे द्यायला १:२५ स्केलची ही मॉडेल्स बनायची, खऱ्या गाडीच्याच रंगात, बाप शोरूममध्ये भाव करतोय तोवर पोराच्या हातात एक टेकवायची. प्लास्टिक मात्र अ‍ॅसिटेट, ते वर्षानुवर्षं आकसत जातं मग बॉडी पिळवटते, कधी चारही चाकं टेबलाला टेकतच नाहीत. नंतर स्टायरीन नावाचं दुसरं प्लास्टिक आलं आणि ही कटकट मिटली. गरम पाण्यात घालून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, आहे तेही जाईल. मागचे ते आडवे पसरलेले पंख आणि खाली मांजरीच्या डोळ्यांसारखे दिवे शाबूत आहेत ना, मग झालं की! फक्त उन्हात ठेवू नका.