संगणक ऐंशी, अ‍ॅडमिन पासवर्ड एक

प्रश्न : आमच्या संस्थेत ऐंशीच्या आसपास विंडोज संगणक एका डोमेनमध्ये (एकाच केंद्रीय व्यवस्थापनाखाली) जोडलेले असून त्यांची देखभाल मी एकटाच पाहतो. एका संगणकावर सर्व सॉफ्टवेअर बसवून त्याच्याच प्रती काढून बाकीचे तयार केलेले असल्यामुळे स्थानिक ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खात्याचा पासवर्ड सगळीकडे सारखाच आहे. गेल्या महिन्यात एका संगणकात व्हायरस शिरला, तेव्हापासून अधिक चांगला अँटिव्हायरस घ्यावा असा व्यवस्थापनाचा आग्रह आहे. तेवढ्याने भागेल काय?

उत्तर : भागणार नाही. तुमचा प्रश्न अँटिव्हायरसचा असला, तरी मला चिंता वाटली ती त्याआधीच्या वाक्याची. विंडोज स्थानिक खात्याचा पासवर्ड जसाच्या तसा न साठवता त्याचा हॅश, म्हणजे त्यापासून गणिताने काढलेला सांकेतिक ठसा, साठवते हे खरे. पण एका संगणकावर अ‍ॅडमिनचे अधिकार मिळालेल्या घुसखोराला तो हॅश वाचता येतो आणि मूळ पासवर्ड न उलगडताही, केवळ त्या हॅशच्या आधारे, तोच पासवर्ड असलेल्या दुसऱ्या संगणकावर प्रवेश करता येतो. म्हणजे तुमच्याकडे एक संगणक गेला की उरलेले एकोणऐंशी जवळपास गेल्यातच जमा आहेत.

हे नुसते भय नव्हे. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक व्हायरसने ज्या त्रुटींचा फायदा घेतला, त्यांचे पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, मार्चमध्येच उपलब्ध झाले होते. तरीही पॅच लावलेले संगणक त्यात सापडले, कारण एका बाधित संगणकाच्या मेमरीत राहिलेली लॉगिनची माहिती उचलून, विंडोजच्या नेहमीच्या व्यवस्थापन साधनांनीच हा व्हायरस पुढच्या संगणकावर जात होता. मेर्स्क या जहाज कंपनीला त्या हल्ल्यानंतर सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले.

म्हणून पहिले काम म्हणजे ‘लॅप्स’ (स्थानिक खात्यांचे पासवर्ड सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) सुरू करणे. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ही सोय विंडोजमध्येच अंतर्भूत आहे. ती प्रत्येक संगणकाला वेगळा पासवर्ड देते, ठरावीक मुदतीने तो स्वतःच बदलते आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या मध्यवर्ती नोंदवहीत, जपून ठेवते. तो कोणाला वाचता येईल, हे मात्र तुम्हीच काटेकोरपणे ठरवले पाहिजे. दुसरे काम आपल्या सवयीचे आहे आणि माझ्या मते तेच अधिक अवघड आहे. ‘संगणक मंद चालतोय’ अशी तक्रार आली की आपण त्या खुर्चीत बसतो आणि वेळ वाचावा म्हणून थेट डोमेन अ‍ॅडमिनच्या खात्याने लॉगिन करतो. तो संगणक बाधित असेल, तर संपूर्ण डोमेनची सत्ता त्याच क्षणी त्याच्या मेमरीत जाऊन बसते. डोमेन अ‍ॅडमिनचे खाते फक्त डोमेन कंट्रोलरवर (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरवर) वापरावे, दुरुस्तीसाठी त्या त्या संगणकाचा ‘लॅप्स’मधला पासवर्ड घ्यावा आणि स्वतःचा मेल वाचायला साधे खाते ठेवावे.

याच्या जोडीला, एका टेबलावरच्या संगणकाने दुसऱ्या टेबलावरच्या संगणकाशी ४४५ पोर्टवर (विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या वाटेवर) बोलण्याचे सहसा काहीच कारण नसते. विंडोज फायरवॉलमध्ये ही वाट ग्रुप पॉलिसीने (डोमेनमधील सर्व संगणकांना एकत्र लागू होणाऱ्या नियमांनी) बंद करता येते. फक्त कोणी आपला प्रिंटर वा फोल्डर शेअर करून ठेवला आहे का, ते आधी पाहावे, नाहीतर सकाळी दहा वाजता फोन खणखणू लागतील.

एक विचारतो : हे ऐंशी तुम्ही मोजलेत की अंदाजे सांगितलेत? डीएचसीपी सर्व्हरने नेटवर्कचे पत्ते दिलेल्या यंत्रांची यादी आणि डोमेनमधील संगणकांची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका कार्यालयात अशी तुलना करताना मला कपाटामागे हजेरीयंत्राला जोडलेला, धूळ खात पडलेला, तरीही चोवीस तास चालू असलेला विंडोज एक्सपीचा संगणक सापडला होता. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला आहे आणि असा संगणक कोणत्याच अँटिव्हायरसच्या अहवालात दिसत नाही, कारण त्यावर तो बसवलेलाच नसतो.

प्रश्न : एकदा अपडेटनंतर सर्वांची छपाई बंद पडली, तेव्हापासून आम्ही अपडेट बंदच ठेवले आहेत. हे चूक आहे काय?

उत्तर : चूक आहे, पण तुमची भीती निराधार नाही. तुमचा अनुभव २०२१ चा असेल, तर त्याचे मूळ ‘प्रिंटनाइटमेअर’ या त्रुटीत असावे : तिच्या बंदोबस्तासाठी त्या ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागू लागले आणि अनेक ठिकाणी शेअर केलेले प्रिंटर अडकले. काहींनी त्यावर सर्वच कर्मचाऱ्यांना अ‍ॅडमिन करून टाकले. रोग परवडला, पण हे औषध नको, अशी ती गत होती.

अपडेट रोखून धरण्याचा धोका ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, दाखवला. त्याने वापरलेल्या त्रुटीचा पॅच १४ मार्च २०१७ रोजी आला होता, हल्ला १२ मे रोजी झाला. मधले ५९ दिवस सर्वांच्याच हाती होते. उलट बाजूचे उदाहरण १९ जुलै २०२४ चे आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि त्यांतले पुष्कळ एकेक करून हाताने सुरू करावे लागले. ते अपडेट टप्प्याटप्प्याने घेण्याची सोय ग्राहकांना नव्हती. विंडोजच्या अपडेटबाबत ती तुम्हाला आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट आले की ते आधी पाच संगणकांवर सोडा. त्यांत तुमचा स्वतःचा, लेखा विभागाचा एक आणि सर्वाधिक छपाई होते तो एक असावाच. तीन-चार दिवस तक्रार आली नाही, तर उरलेल्यांवर सोडा.

प्रश्न : सर्वांना दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावावा काय?

उत्तर : नको. अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक संस्थेनेही २०१७ पासून केवळ मुदत संपली म्हणून पासवर्ड बदलायला लावू नये असे सांगितले आहे, कारण माणसे शेवटचा अंक तेवढा बदलतात. पासवर्ड लांब असावा, उघड झाल्याची शंका येताच बदलावा आणि मेल व व्हीपीएनला (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या सुरक्षित वाटेला) मोबाइलवरची दुसरी खातरजमा जोडावी.

प्रश्न : रोज रात्री सर्व्हरचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवरील शेअर केलेल्या फोल्डरमध्ये जातो. हे पुरेसे आहे काय?

उत्तर : डिस्क बिघडली तर पुरेसे आहे, रॅन्समवेअर आले तर नाही, कारण ज्या खात्याला त्या फोल्डरमध्ये लिहिता येते, ते हाती लागले की बॅकअपही कुलूपबंद होतो. वर उल्लेखिलेल्या मेर्स्कचे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती होते आणि म्हणूनच एकदम गेले. वाचला तो घानामधला एक, कारण वीज गेल्याने तो त्या वेळी नेटवर्कवर नव्हता. तुमची एक प्रत अशी असू द्या की जी डोमेनमध्ये नाही, जिचा पासवर्ड वेगळा आहे आणि जी काम झाल्यावर काढून ठेवली जाते. या आठवड्यात तिच्यातले एखादे मोठे फोल्डर मोकळ्या संगणकावर परत आणून पाहा आणि किती तास लागले ते लिहून ठेवा. व्यवस्थापन पुढच्या वेळी अँटिव्हायरसचा विषय काढील, तेव्हा तो कागद त्यांच्यासमोर ठेवता येईल.